सरासरीपेक्षा जास्त दम

आपल्या छातीत नेमका किती दम आहे, हे माणसाला स्वतःहून कळत नाही. त्यासाठी परिपत्रक निघावे लागते. जिना चढताना धाप लागली तर माणूस जिन्याला नावे ठेवतो, धावूनही बस सुटली तर ड्रायव्हरला, आणि लग्नातला कोट पोटावर बसेनासा झाला तर धोब्याला. असे खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फुटत राहते आणि दम मोजायचा राहून जातो. नोंदणी व फेरतपासणी कार्यालयाने ही उणीव भरून काढायचे मनावर घेतले, याबद्दल त्या कार्यालयाचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. (कार्यालयाने स्वतः केलेले कौतुक तळमजल्यावर फ्रेम करून लावलेले आहे. त्यात बरीच जागा शिल्लक ठेवली आहे.)

परिपत्रकाचा विषय होता, 'कार्यालयातील निरोगी व प्रौढ कर्मचाऱ्यांच्या दमाचे मापन करणेबाबत'. वरवर पाहता यात अवघड काही नाही. पण फेरतपासणी करणाऱ्या माणसांना वरवर पाहता येत नाही. प्रौढ कोण, हे जन्मदाखल्यावरून ठरले. कर्मचारी कोण, हे हजेरीवरून ठरले. पेच पडला तो निरोगी या शब्दावर. रजेची कागदपत्रे काढून पाहिली, तेव्हा गेल्या काही वर्षांत सगळ्या कार्यालयाला मिळून कंबरदुखी, ताप, चक्कर आणि डोळे येणे यांनी असे घेरले होते की त्या इमारतीत कुणी जिवंत कसे, हेच नवल वाटावे. अनेकांना आपण निरोगी आहोत असे लिहून देण्याची भीती वाटू लागली. पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला जायचे तर पुन्हा आजारी पडणे भाग होते. शेवटी संचालकांनी तोडगा काढला: मापनाच्या दिवशी, कार्यालयीन वेळेपुरते, सर्वजण निरोगी आहेत असे समजण्यात यावे. संध्याकाळी घंटा झाल्यावर ज्याने त्याने आपापला आजार परत घ्यावा.

ठरल्या दिवशी तपासनीसबाई आल्या. तरतरीत मुलगी, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात लाकडी स्टूल आणि टकटक करणारे एक छोटे यंत्र. रीत साधी होती. यंत्र टकटक करील त्या तालावर स्टुलावर चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. त्या थांबा म्हणतील तेव्हा थांबायचे. मग मनगट धरून त्या नाडीचे ठोके मोजणार. नाडी, वय आणि वजन यांवरून एक आकडा निघणार. शरीर प्राणवायूचा कितपत उपयोग करून घेऊ शकते, ते तो आकडा सांगतो. त्याचे अधिकृत नाव 'कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता निर्देशांक' असे होते. पण हे नाव उच्चारून होईपर्यंतच निम्म्या लोकांना धाप लागू लागली, म्हणून सगळे त्याला दमांक म्हणू लागले.

लेखापालांनी पहिला आक्षेप नोंदवला. लेखापाल म्हणजे उंच, हडकुळे गृहस्थ. हसायचे झाले तरी आधी तरतूद पाहणारे.

"बाई, तुम्ही पंधरा सेकंदांचेच ठोके मोजताय."

"हो सर. त्याला चारने गुणायचं."

"मग उरलेल्या पंचेचाळीस सेकंदांत हृदय चाललं होतं, याला पुरावा काय?"

बाईंनी थोडा विचार केला. "सर, तुम्ही बोलताय ना अजून?"

हा पुरावा लेखापालांनी नाराजीने मान्य केला.

मापन शिस्तीत पार पडले. संचालकांना फार कामे असल्याने स्टुलावर चढण्याचे अधिकार त्यांनी आपल्या स्वीय सहायकाला प्रदान केले; सहायकाने चढून दाखवले आणि आकडा संचालकांच्या नावापुढे मांडला गेला. (सहायकाचा स्वतःचा दम त्यामुळे मोजायचा राहिला. त्याने पुन्हा चढायला नकार दिला.) टंकलेखन विभागातल्या तिघी टकटकीच्या तालात जरा जास्तच वेगाने गेल्या. सवय. भांडारपालांनी स्टूल आधी जमा करून घ्यावे आणि मग रीतसर वाटप करावे, असा आग्रह धरला. एवढे सोडले तर काही गालबोट लागले नाही. कार्यालयाची सरासरी एकोणतीस आली.

बाईंच्या तक्त्यात एकोणतीससमोर 'असमाधानकारक' असे छापलेले होते. पण जवळजवळ प्रत्येकाचा आकडा एकोणतीसच्या आसपासच होता, त्यामुळे कार्यालयाने तो 'सुसंगत' असा वाचला आणि सगळे खूश झाले. वाईट असण्यात तसे काही वाईट नसते. एकट्याने वाईट असणे तेवढे वाईट.

आणि मग आवकराव स्टुलावर चढले.

आवकराव हे काही त्यांचे नाव नव्हे. इमारतीत येणारा प्रत्येक कागद प्रथम तळमजल्यावर त्यांच्या टेबलावर येई, त्यावर आवक असा शिक्का बसे आणि मग तो वर जाई. वर्षानुवर्षे हेच केल्यामुळे लोकांनी तो शिक्का त्यांच्यावरही उमटवला होता. अंगाने गोल, चेहऱ्याने गोल, स्वभावाला कुठे कोपरा नाही. त्यांच्याकडून कुणाला काही अपेक्षा नव्हती, त्यांना स्वतःला तर नव्हतीच. ते चढले, उतरले, चढले, उतरले. बाईंनी थांबा म्हटले तेव्हा ते थांबले आणि पुढे कुणाचा नंबर आहे, असे सहज विचारू लागले. बाईंनी नाडी पाहिली. पुन्हा पाहिली. दुसरे मनगट मागितले.

"काका, बावन्न!"

"बावन्न म्हणजे... नापास का हो?"

"तुम्ही रोज धावता का?"

"नाही हो बाई," आवकराव ओशाळून म्हणाले, "मी आवकला आहे."

हा आकडा घेऊन आवकराव संध्याकाळी घरी निघाले तेव्हा तो त्यांना तळहातावरच्या दिव्यासारखा जपून न्यावासा वाटत होता, आणि याला कारण होते. घरी सासरेबुवा होते. सासरेबुवा म्हणजे निवृत्त कवायत मास्तर. स्वतःच्या घराला रंग द्यायचा म्हणून ते आठ दिवसांसाठी लेकीकडे आले होते. त्याला आता काही वर्षे झाली होती, आणि रंग वाळला की जाणार होते. खिडकीपाशी वेताची एकच ऐसपैस खुर्ची होती, ती त्यांची. आवकराव कोचाच्या टोकाला बसत. जावयाला सासरेबुवा तोंडावर जावईबापू म्हणत आणि माघारी उशी. हल्ली वयोमानाने त्यांचा तोंडावर आणि माघारी यांत गोंधळ होऊ लागला होता.

"जावईबापू, लोड बघितलाय ना? त्यालासुद्धा टेकायला भिंत लागते. तुम्ही जिथे असाल तिथे टेकलेले!" हा त्यांचा नेहमीचा विनोद. वर्गात पन्नास मुले हसत असत, इथे आवकरावांना एकट्याने हसावे लागे.

त्या संध्याकाळी आवकरावांनी बूट काढले, घसा खाकरला आणि आकडा सांगितला.

सासरेबुवांनी चष्मा लावला. "कुठला आकडा? वजनाचा?"

"दमाचा. सगळ्या ऑफिसात पहिला."

"उभे राहा बघू. टाचा जुळवा. आता वळा." सासरेबुवांनी जावयाला पुढून पाहिले, मागून पाहिले, जसा काही माल दुसऱ्याच दुकानातला आला आहे. मग ते हळूहळू वेताच्या खुर्चीतून उठले, आणि जे त्या घरात कधी घडले नव्हते ते घडले. ते म्हणाले, "बसा."

आवकराव बसले. खुर्ची करकरली. खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसत होती. इतकी देखणी टाकी त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

"बेबी!" सासरेबुवांनी आत हाक मारली. (बेबी म्हणजे त्यांची लेक, आवकरावांची बायको. वयाने पन्नाशीची.) "जावईबापूंना पाणी आण गं! आणि मलाही."

बेबीने पाणी आणले. मग पंखा लावायला ती पुन्हा आली, चष्म्याचे घर शोधायला पुन्हा आली, गच्चीवरचे कपडे काढून खाली आली आणि पंखा जरा कमी करायला परत आली.

पुढच्या रविवारी सासरेबुवांच्या अंगातला मास्तर जागा झाला. त्यांनी स्वयंपाकघरातले स्टूल बाहेर आणवले, ताल धरायला टाळ्या सुरू केल्या आणि तपासनीसबाईंच्या तक्त्याच्या झेरॉक्सवरून जावयाचा दम घरी मोजला. एक्कावन्न! एक अंक रविवारचा म्हणून सोडून देण्यात आला. मग ते स्वतः चढले, दोनदा, आणि नमुन्यादाखल एवढे पुरे, असे म्हणून उतरले. तेवढ्यात हात पुसत बेबी बाहेर आली.

"बाबा, स्टूल द्या. वरचा डबा काढायचाय मला."

"थांब, चढ जरा यावर. हलतंय का ते बघू."

बेबी चढली, उतरली, चढली, उतरली. पाव्हणे कधी येणार, गॅस संपत आलाय, खालच्या बाईंनी उसनी नेलेली चाळण परत दिली नाही, हे सगळे ती चढता-उतरता सांगत होती. सासरेबुवांनी मनगट धरले. मग तक्ता पाहिला. मग तक्ता जावयाकडे दिला. जावयाने तो उलटा करून पाहिला.

आकडा अठ्ठावन्न होता.

दोघा पुरुषांनी खिडकीपाशी उभे राहून हळू आवाजात चर्चा केली. सर्व बाजूंनी विचार करता स्टूल सदोष असल्याचे एकमताने ठरले.

"झालं ना?" बेबी म्हणाली. "मग आणा इकडे." सदोष स्टुलावर चढून तिने वरचा डबा काढला.

इकडे कार्यालयात बावन्नने झोप उडवली होती. सगळे वाईट असताना एकच माणूस चांगला निघणे ही बाब कुठलेही कार्यालय हसण्यावारी नेत नाही. संचालक म्हणाले, "एवढा दम एका माणसात आला, म्हणजे कुठून तरी आला असणार." लेखापालांच्या अध्यक्षतेखाली त्रिसदस्य समिती नेमली गेली.

समितीने पाळत ठेवली. तिच्या डोळ्यांसमोर जे उलगडत गेले ते असे. लिफ्ट अधिकाऱ्यांसाठी आणि कपाटे नेण्यासाठी राखीव होती. शिपायाची जागा भरायची राहिली होती. ती भरण्याची फाईल सहीसाठी फिरत होती आणि ती आवकरावच फिरवत होते. ते कागद घेऊन तिसऱ्या मजल्यावर जात. तिथे कळे की दुसऱ्या मजल्याचा शेरा हवा. ते दुसऱ्यावर येत. तिथे कळे की आधी तिसऱ्याची परवानगी लागते. परवानगी आणावी, तर पहिल्या मजल्यावर टाचणी टोचायची राहिलेली असे. एकेक कागद असा दिवसभर डोंगरात राहत असल्यासारखा वरखाली होई, आणि त्याच्यासोबत आवकराव. वाटेत प्रत्येक मजल्यावर ते कुणाच्या नातवाची चौकशी करत, कुणाचा पंखा बंद करत, आणि शीळ घालत पुढे जात. समिती त्यांच्या मागोमाग निघाली आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खाली बसली. अहवालात याचा प्रामाणिक उल्लेख आहे: 'पुढील मजल्यांबाबत समितीला शिळेच्या आवाजावर विसंबून राहावे लागले.'

निष्कर्ष बिनतोड होते. सदर दम हा कार्यालयीन वेळेत, कार्यालयाच्या जिन्यावर आणि पूर्वपरवानगीशिवाय मिळवलेला आहे. म्हणून सरासरीपेक्षा जास्त असलेले तेवीस अंक ही कार्यालयाची मालमत्ता ठरते व ते कार्यालयात जमा करणे आवश्यक आहे. कागद वरखाली जातातच कशाला, हा प्रश्न समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हता.

"जमा कसे करायचे साहेब?" आवकरावांनी विचारले.

"बसून," लेखापाल म्हणाले. "खुर्ची सोडायची नाही. ज्याला कागद हवा तो खाली येईल."

आवकरावांनी खालमानेने चष्मा पुसला. त्यांच्या डोळ्यांपुढे वेताची खुर्ची आली, टाकी आली. "एक विनंती होती. तेवीसच्या तेवीस घ्या, पण एकदम नको. थोडेथोडे. घरी सांगायला जरा..."

"घरी काय?"

"घरी सासरे असतात."

लेखापाल क्षणभर थबकले. त्यांनाही सासरे होते. पण तशी तरतूद नव्हती.

आवकराव बसले. त्यांना गादीची खुर्ची मिळाली, टेबलावर घंटी मिळाली, पाण्याची बाटली हाताशी मिळाली. पहिले काही दिवस त्यांचे पाय टेबलाखाली आपोआप चालत; मग तेही समजूतदार झाले. घरी मात्र ते रोज वेताच्या खुर्चीत बसत आणि सासरेबुवांनी "काय, बावन्न!" अशी हाक मारली की बाहेर टाकीकडे बघत. बेबीच्या लक्षात आले होते. ते घरी आल्या आल्या पाणी पुढे ठेवताना ती एकदा म्हणाली, "अहो, हल्ली आपल्याच जिन्याला थांबता तुम्ही." त्यांनी कठड्याला नावे ठेवली.

इमारतीत मात्र वेगळेच काही सुरू झाले. कागद खाली आणि सह्या वर, म्हणून सगळे कार्यालय खाली येऊ लागले. आधी चिडून आले, मग धापा टाकत आले, मग गप्पा मारत आले. टंकलेखनातल्या तिघी दिवसातून तीनदा येत. भांडारपाल येत आणि टाचण्यांची उलटतपासणी करत. लेखापाल तर आवकरावांची वसुली नीट चालली आहे ना हे पाहायला चारचारदा उतरत. संचालकसुद्धा एकदा आले. नेमकी लिफ्ट अडकली आणि त्यांना स्वतः चढून जावे लागले. (हे अधिकार प्रदान करायला त्या वेळी कुणी जवळ नव्हते.)

सहा महिन्यांनी तपासनीसबाई पुन्हा आल्या. सरासरी सदतीस! लेखापाल एक्केचाळीस! टाळ्या वाजल्या, नवी फ्रेम लागली. संचालकांनी भाषणात या यशाचे श्रेय दूरदृष्टीला दिले. कुणाच्या, ते विनयाने सांगितले नाही.

सगळ्यांत शेवटी आवकरावांनी स्टुलावर पाय ठेवला. उतरताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला.

"काका," बाई हळूच म्हणाल्या, "अठ्ठावीस."

"जमा झाले म्हणायचे," आवकराव म्हणाले.

पण कार्यालय आता सदतीसवर होते. त्यात अठ्ठावीसचा माणूस म्हणजे पांढऱ्या भिंतीवर डाग. लागलीच दुसरी समिती नेमली गेली आणि तिने उपचार सुचवला: सदर कर्मचाऱ्याने रोज जिने चढावेत, आणि फेऱ्या वाया जाऊ नयेत म्हणून हातात कागद असावेत.

संध्याकाळी आवकराव दारातच उभे राहिले. खुर्ची रिकामी होती. सासरेबुवा कोचावरून वाट बघत होते. आज निकाल आहे हे त्यांना पाठ होते.

"काय हो बावन्न, किती झाले? साठ?"

"अठ्ठावीस."

सासरेबुवा उठले, खुर्चीवरची धूळ झटकली, आणि बसण्यासाठी वळले. एवढ्यात आतून बेबी आली आणि बसली.

"अगं, तिथे मी..."

"बाबा, ज्याचा आकडा मोठा त्याची खुर्ची. तुम्हीच ठरवलंय ना? माझे अठ्ठावन्न."

"ते स्टूल सदोष होतं!"

"यांचे एक्कावन्न आले तेव्हा तर बरं होतं." तिने पाय वर घेतले आणि बाहेर पाहिले. "अय्या, इथून टाकी दिसते होय? अहो, जरा पाणी आणता? आणि बाबांनाही."

आवकराव आत गेले. ग्लास कुठे असतात हे माहीत नसल्यामुळे त्यांना बऱ्याच फेऱ्या पडल्या. गाळणे सापडले, चाळण (परत आलेली) सापडली, ग्लास सापडेनात. ते बाहेर येऊन विचारत, पुन्हा आत जात. सासरेबुवा कोचाच्या टोकाला बसून त्या फेऱ्या बघत राहिले आणि थोड्या वेळाने, सवयीने, हळूच टाळ्यांचा ताल धरू लागले. चौथ्या फेरीला आतून शीळ ऐकू आली.

आवकरावांचा दमांक हल्ली पुन्हा चढतो आहे, आणि कार्यालय त्याचे श्रेय दुसऱ्या समितीला देते.

तरी निरोगी व प्रौढ वाचकांच्या माहितीसाठी कळवण्यात येते की, इथपर्यंत वाचताना आपला घसा कोरडा पडला असल्यास आणि आपण स्वतः उठून पाणी घेतले असल्यास आपण सरासरीबाहेर आहात. चौकशीची तयारी ठेवावी. ज्यांनी बसल्या जागेवरून आत हाक मारली, त्यांचे सर्व नियमात आहे, त्यांना भिण्याचे कारण नाही. त्यांनी एवढेच करावे: पाणी घेऊन जे कोणी येईल त्याचे मनगट चुकूनही हातात घेऊ नये, आणि ती व्यक्ती परत आत जाईपर्यंत खुर्ची सोडू नये.